कर्ता आणि राखणदार
('सेल्युलॉइड मॅन' : एक परीक्षण)

जुन्या पोथीच्या अखेरीस ग्रंथ संपल्यावर दोन-चार ओळी निराळ्या असतात. पोथी कोणीं नकलली, कोणत्या गांवीं व कोणत्या शकांत ती पुरी झाली, एवढें सांगून वाचणारानें ती पाण्यापासून व वाळवीपासून जपावी अशी विनवणी त्यांत केलेली असते. ग्रंथकर्त्याचें नांव शतकानुशतकें गाजतें. ही विनवणी करणाराचें नांव कोणी वाचीतही नाहीं. वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे आपण सारे प्रतिभेचे भाट आहों. ती प्रतिभा ज्या हातांतून आपल्या हातीं आली, त्या हातांची चौकशी करण्याची आपणांस फुरसत नसते. चित्रपटाच्या बाबतींत ही उपेक्षा अधिकच झाली. कारण चित्रपट ही एकदां पाहून विसरून जाण्याची करमणूक नसून पोथीप्रमाणें जपून ठेवण्याची वस्तु आहे, ही कल्पनाच आपल्याकडे फार उशिरां रुजली.

या उपेक्षेची भरपाई करूं पाहणारा एक चित्रपट २०१२ सालीं निघाला. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनीं काढलेला 'सेल्युलॉइड मॅन' हा तो चित्रपट. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनीं उभें केलें त्या परमेश कृष्णन् नायर यांचें हें सुमारें अडीच तासांचें चरित्र आहे. इटलींतील बोलोन्या शहरीं जुन्या चित्रपटांचा जो महोत्सव भरतो तेथें तो प्रथम दाखविण्यांत आला. ३ मे २०१३ रोजीं, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित होऊन शंभर वर्षें झालीं त्या दिवशीं, तो आपल्या देशांत प्रदर्शित झाला. आणि साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चरित्रपट म्हणून व संकलनाबद्दल असा दुहेरी मान त्यास मिळाला. एवढ्या वर्षांनीं त्याचें परीक्षण कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, या चित्रपटाचा खरा परिणाम प्रेक्षकांवर झाला त्याहून अधिक त्याच्या कर्त्यावर झाला. चरित्र लिहितां लिहितां चरित्रकारानें आपला व्यवसायच बदलावा, असें क्वचित् घडतें. येथें तें घडलें. आणि त्याचीं फळें आज समोर असल्यामुळें या कृतीचें मोल ठरविण्यास आजचा काळ त्या काळाहून अधिक सोईचा आहे.

प्रथम नायकाची हकीकत. नायर यांचा जन्म १९३३ सालीं तिरुवनंतपुरम् येथें झाला. लहानपणीं वाळूवर बसून पाहिलेले पौराणिक चित्रपट आणि घरीं आणून जपून ठेवलेलीं तिकिटें यांपासून त्यांच्या वेडाचा आरंभ होतो. १९५३ सालीं विज्ञानाची पदवी घेऊन, चित्रपट काढावयाचे या उमेदीनें ते मुंबईस आले. मेहबूब खान, बिमल रॉय, हृषिकेश मुखर्जी अशा मातबरांच्या सहवासांत त्यांनीं काम केलें, आणि त्या कामांतूनच त्यांना कळून चुकलें कीं दिग्दर्शकाचा पिंड आपला नव्हे. ही जाणीव झाल्यावर बहुतेक माणसें एक तर त्याच धंद्यांत कुढत राहतात, नाहीं तर तो सोडून भलतीच नोकरी पत्करतात. नायर यांनीं तिसरी वाट धरली. 'प्रभात'च्या जुन्या वास्तूंत नुकत्याच निघालेल्या चित्रपट-शिक्षणसंस्थेंत १९६१ सालीं ते संशोधन-साहाय्यक म्हणून रुजू झाले. १९६४ सालीं संग्रहालय स्थापन झालें. पुढच्याच वर्षीं ते त्याचे साहाय्यक संग्रहपाल झाले, १९८२ सालीं संचालक झाले, आणि १९९१ सालीं निवृत्त झाले तेव्हां संग्रहांत सुमारें बारा हजार चित्रपट होते, त्यांपैकीं आठ हजारांच्या आसपास भारतीय. ४ मार्च २०१६ रोजीं पुण्यांतच त्यांचें निधन झालें.

ही हकीकत शब्दांत सांगितली तर सरकारी नोकराच्या सेवापुस्तकासारखी वाटते. तिच्यांतला रस चित्रपटानें कसा बाहेर काढला, हें पाहण्यासारखें आहे. डुंगरपूर यांनीं नायरांना त्यांच्या कोठारांत फिरतें ठेवलें आहे. गंजलेल्या डब्यांच्या रांगांमधून हा वृद्ध मनुष्य काठी टेकीत चालतो, आणि अमका प्रसंग अमक्या चित्रपटाच्या कितव्या रिळांत आहे हें घरांतल्या भांड्याकुंड्यांची जागा सांगावी तितक्या सहज सांगतो. अंधाऱ्या चित्रगृहांत लहानशा विजेरीच्या उजेडांत टिपणें करण्याची त्यांची संवय, वह्यांमागून वह्या भरून काढलेले ते बारीक अक्षर, हें सारें पाहतांना ध्यानीं येतें कीं या माणसाची स्मरणशक्ति ही देणगी नव्हती; ती रोजच्या कष्टानें मिळविलेली मिळकत होती. सर्वांत सुंदर भाग कर्नाटकांतील हेग्गोडु या खेड्याचा. तेथील लोकांस नायर यांच्या संग्रहांतील जगांतले उत्तमोत्तम चित्रपट दाखविण्यांत आले होते. त्या चित्रपटांविषयीं तेथील साधीं माणसें पुष्कळ वर्षांनींही जिव्हाळ्यानें बोलतात. संग्रह म्हणजे कुलूप नव्हे, संग्रह म्हणजे पाणपोई, हें तत्त्व एवढ्या थोडक्यांत दुसऱ्या कोणत्याही रीतीनें पटवितां आलें नसतें.

रचनेच्या दृष्टीनें पाहतां, अकरा निरनिराळ्या छायालेखकांनीं हें चित्रण केलें आहे, आणि तेंही फिल्मवर. ज्या वेळीं सगळा धंदा अंकीय कॅमेऱ्याकडे धांवत होता त्या वेळीं. विषयाशीं राखलेली ही इमानदारी केवळ हौस म्हणून सोडून देतां येणार नाहीं. कोठारांतील अंधाराला व नायरांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांना जो खोल पोत आला आहे तो तिच्यामुळेंच. इतक्या हातांनीं विणलेलें वस्त्र ठिगळांचें व्हावयाचें, पण आयरीन धर मलिक यांच्या संकलनानें तें एकसंध ठेविलें आहे. जुन्या चित्रपटांतील तुकडे नायरांच्या बोलण्यांत असे मिसळले आहेत कीं आठवण कोठें संपते व चित्र कोठें सुरू होतें तें कळूं नये.

आतां दोष. पहिला दोष भाविकपणाचा. नामवंत नटनट्या, दिग्दर्शक व विद्यार्थी एकामागून एक येऊन साक्ष देतात, आणि बहुतेकांची साक्ष एकच असते. पहिल्या अर्ध्या तासांत जें पटलें तें दुसऱ्या तासांत आरतीसारखें ऐकूं येऊं लागतें. चरित्रनायकाविषयीं शंका विचारणारा कोणी तरी चरित्रांत असावा लागतो; तो नसला कीं भक्ति राहते, परीक्षा राहत नाहीं. दुसरा दोष अधिक खोल आहे. हा चित्रपट जतनाचें सारें श्रेय एका माणसाच्या वेडाला देतो. वेड हवें हें खरें; पण वेडाला निवृत्तीचें वय असतें, आणि फिल्मला तें नसतें. संग्राहक घरीं गेल्यावरही कोठाराचें तपमान खालींच राहिलें पाहिजे. जानेवारी २००३ मध्यें त्या 'प्रभात'च्या आवारांतील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि शेंकडों जुन्या चित्रपटांचीं रिळें जळून गेलीं. ज्यांच्या प्रती आधींच सुरक्षित फिल्मवर उतरविलेल्या होत्या ते चित्रपट आज आपण पाहूं शकतों. बाकीच्यांची राख झाली. एका थोर माणसाच्या आयुष्यभराच्या खटपटीला असा शेवट येऊं शकतो, हें पाहिलें म्हणजे वीरपूजेपेक्षां नियम, पैसा व शिकलेलीं माणसें यांचाच पुकारा करावासा वाटतो. चित्रपटांत हा पुकारा आहे, पण विलापाच्या सुरांत. मागणीच्या सुरांत नाहीं.

मात्र नायर यांच्या एका मताची बाजू या चित्रपटानें निःसंशय चांगली मांडली आहे, आणि तें मत आमच्यासारख्या टीकाकारांनीं विशेष मनावर घ्यावें असें आहे. चांगला व वाईट असा भेद न करतां मिळेल तो चित्रपट ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. वरवर पाहतां हा अविचार वाटतो. जागा थोडी, पैसा त्याहून थोडा. मग गल्लाभरू मारामारीचीं चित्रें कशासाठीं सांभाळावयाचीं? परंतु आपल्या मूकपटांची गति पाहिली म्हणजे या आग्रहाचें मर्म कळतें. या देशांत सुमारें १,७०० मूकपट निघाले; त्यांपैकीं नायर यांच्या हातीं लागले ते नऊ-दहा. 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच उरलीं, आणि तींही १९१३ सालचीं नसून फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हा काढलेल्या चित्रपटाचीं असावींत असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. १९१९ सालचा 'कालिया मर्दन' फाळके कुटुंबीयांकडे राहिलेल्या तुकड्यांमुळें वांचला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची तर एकही प्रत नाहीं. फिल्ममध्यें चांदी असते. चित्र जुनें झालें कीं तिची किंमत चांदीच्या भावानें व्हावी, अशी त्या काळची रीत होती.

आपल्या घरचेंच उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं १९२५ सालीं काढलेल्या मूक 'सावकारी पाशा'ची थोरवी आपण आज ऐकीव माहितीवर गातों. त्यांतील शेतकऱ्याची झोपडी, छायाप्रकाशाची योजना, शांताराम यांचा अभिनय, यांविषयीं जें छापलें जातें तें पूर्वीं पाहिलेल्यांच्या आठवणींवरून. आपल्यापैकीं कोणाच्याही डोळ्यांवरून नव्हे. ज्या कलेचा अर्धा इतिहास असा कानोकानीं आलेला असतो तिच्यावर टीका करणें म्हणजे न पाहिलेल्या देवळाच्या कळसाचें वर्णन करणें होय. मागून येणाऱ्यांना कशाची गरज पडेल हें आजचा रसिक ठरवूं शकत नाहीं. निवड करणें हा टीकाकाराचा धर्म आहे. निवड न करणें हा राखणदाराचा. हे दोन धर्म एकमेकांच्या विरुद्ध नाहींत. दुसरा पाळला गेला तरच पहिल्यास कांहीं काम उरतें.

येथपर्यंत नायकाविषयीं झालें. आतां चरित्रकाराकडे वळूं. डुंगरपूर हे पुण्याच्या त्याच शिक्षणसंस्थेंत दिग्दर्शन शिकले. गुलजार यांच्या हाताखालीं त्यांनीं उमेदवारी केली आणि पुढें शेंकडों जाहिरातपट काढले. जाहिरातपट म्हणजे अर्ध्या मिनिटांत डोळ्यांपुढें येऊन नाहींशी होणारी वस्तु. तिचें आयुष्य पतंगाएवढें. उदय शंकर यांच्या १९४८ सालच्या 'कल्पना' या चित्रपटाचा जो जीर्णोद्धार २०१२ सालीं फ्रान्समधील कान येथें दाखविण्यांत आला त्यास त्यांचा हातभार लागला, आणि त्या उद्धाराचें मूळ साहित्य नायरांच्या संग्रहांतलेंच होतें. मग हें चरित्र झालें. २०१४ सालीं त्यांनीं मुंबईस 'फिल्म हेरिटेज फाउंडेशन' ही संस्था काढली आणि २०१५ पासून निरनिराळ्या शहरीं फिल्म-जतनाचें शिक्षण देणारे वर्ग चालविले. क्षणभंगुर चित्रें काढणारा मनुष्य चिरस्थायी चित्रांचा राखणदार झाला. लौकिक दृष्टीनें ही पायरी खालची कीं वरची?

आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण हीं दोन कामें एकाच दृष्टीचीं आहेत. जुन्या चित्रपटाचा उद्धार करणें म्हणजे धूळ पुसणें नव्हे. ती पाठचिकित्सा आहे. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे आणि त्याच रस्त्यावर चित्रपट संग्रहालयही आहे. पण या शेजाराचा अर्थ फारसा कोणाच्या ध्यानीं आलेला दिसत नाहीं. भांडारकर मंदिरांत बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ति तयार झाली. १९१९ सालीं सुरू झालेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. श्याम बेनेगल यांच्या १९७६ सालच्या 'मंथन' या चित्रपटाचा उद्धार २०२४ सालीं झाला, तेव्हां चित्र घेतलें तें पुण्याच्या संग्रहांतील मूळ निगेटिव्हवरून आणि ध्वनि घेतला तो मुंबईच्या संस्थेजवळील एका प्रतीवरून. रंग कसे होते तें सांगावयास छायालेखक गोविंद निहलानी स्वतः हजर होते. एका पोथीचा आदिपर्व चांगला, दुसरीचा शेवट चांगला, आणि वृद्ध शास्त्र्यांच्या मुखांतून शंकासमाधान, असाच हा प्रकार. 'शोले'चें उदाहरण याहून बोलकें आहे. १९७५ सालीं परिनिरीक्षण मंडळाच्या हरकतीमुळें त्याचा शेवट बदलावा लागला होता. २०२५ सालीं बोलोन्या येथें दाखविलेल्या उद्धारांत दिग्दर्शकाचा मूळ शेवट परत आला. मग प्रमाण पाठ कोणता, जो कर्त्यानें योजिला तो, कीं पन्नास वर्षें लोकांनीं पाहून आपलासा केला तो? शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करतांना एकनाथ महाराजांपुढें जे प्रश्न उभे राहिले असतील त्यांच्याच जातीचा हा प्रश्न आहे. तो सोडविण्यास केवळ यंत्रज्ञ पुरत नाहीं. दृश्य कसें रचतात, प्रकाश कां व कोठून सोडतात, हें ज्यानें हातानें केलें आहे त्याचाच डोळा तेथें लागतो. निर्मितीच्या शाळेंत घालविलेलीं वर्षें राखणदारीच्या कामीं फुकट जात नाहींत. तेथेंच त्यांचा खरा कस लागतो.

शेवटीं, हल्लीं सर्वतोमुखीं झालेल्या एका समजाचा परामर्श घेणें अवश्य आहे. सगळें संगणकावर चढविलें कीं काम झालें, असा तो समज. अडीच तासांच्या चित्रपटांत सेकंदास चोवीस याप्रमाणें दोन लक्ष सोळा हजार चित्रें असतात. तीं आजच्या 'फोर-के' प्रमाणाच्या पूर्ण सूक्ष्मतेनें उतरविलीं तर दहा-अकरा टेराबाइट एवढा ऐवज होतो. हा ऐवज बहुधा चुंबकीय फितींवर ठेवतात. त्या फिती वाचणारीं यंत्रें दर दोन-चार वर्षांनीं नवीं निघतात आणि नवें यंत्र फार जुनी फीत वाचीत नाहीं. म्हणून सगळा ऐवज वेळोवेळीं एका फितीवरून दुसरीवर उतरवीत राहावें लागतें. अमेरिकेंतील अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेनें २००७ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत फिल्मवरील मूळ प्रत ठेवण्याचा वार्षिक खर्च १,०५९ डॉलर, तर अंकीय मूळ प्रतीचा १२,५१४ डॉलर असा अंदाज दिला होता. तेव्हांपासून भाव बदलले आहेत. परंतु त्यांतला बोध बदललेला नाहीं. थंड व कोरड्या जागीं ठेवलेली फिल्म दुर्लक्ष कांहीं काळ सहन करते. अंकीय प्रत दुर्लक्ष मुळींच सहन करीत नाहीं.

ही गोष्ट आपणांस नवी वाटावी हेंच नवल आहे. वैदिकांनीं ग्रंथ लिहून न ठेवतां तो हजारों वर्षें राखला तो कशाच्या बळावर? पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतीनें तेच शब्द उलटसुलट म्हणावयाचे. एक अक्षर ढळलें तरी एक पाठ दुसऱ्यास जुळावयाचा नाहीं आणि चूक उघडी पडावयाची. आजचे अंकीय संग्राहक हेंच करतात. प्रत्येक नोंदीवरून गणितानें एक छोटीशी खूण काढून ठेवतात, ठराविक काळानें ती पुन्हा काढून पहिलीशीं ताडतात, आणि एकीचा घात झाला तर दुसरी असावी म्हणून निरनिराळ्या गांवीं प्रती ठेवतात. साधन बदललें, व्रत तेंच. जतन ही एकदां करून मोकळें होण्याची क्रिया नव्हे. ती पिढीनें पिढीच्या हातीं द्यावयाची संथा आहे, आणि एका पिढीनें ती चुकविली कीं पुढील पिढीस म्हणावयास कांहीं उरत नाहीं.

म्हणून या चित्रपटाचें महत्त्व आम्हांस त्याच्या कलागुणांपेक्षांही त्यानें दाखविलेल्या वाटेंत वाटतें. सुशिक्षित कुटुंबांतील मुलगा किंवा मुलगी चित्रपटाचें शिक्षण घेऊन पुढें दिग्दर्शक न होतां संग्रहालयांत कामास लागली, कीं घरच्यांस वाटतें, जमलें नाहीं म्हणून कारकुनी पत्करली. नायर यांनाही दिग्दर्शक होणें जमलें नव्हतें, हें खरें. पण आपल्याला काय जमत नाहीं हें वेळींच ओळखून जें दुसऱ्या कोणास सुचलें नव्हतें त्याला त्यांनीं आयुष्य वाहिलें. म्हणून तर फाळक्यांचीं दोन रिळें आज आपल्या डोळ्यांपुढें हालतात. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा केलीं नसतीं तर मराठ्यांचा इतिहास बखरींच्या भरंवशावर राहिला असता. त्या शोधाला आपण आज कारकुनी म्हणत नाहीं. 'सेल्युलॉइड मॅन' पाहून उठणाऱ्या शंभर तरुणांपैकीं एकानें जरी हातांतला कॅमेरा क्षणभर खालीं ठेवून कोठाराची किल्ली मागितली, तरी त्यांतल्या आरतीच्या लांबीबद्दल आमची कांहीं तक्रार उरणार नाहीं.